कचऱ्याच्या रुईची नाव

आमच्या डोहगावात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी चालत येत नाहीत, नावेत बसून येतात. गावासमोर तापीचा मोठा डोह आहे. वैशाखात बाकीची तापी वाळूत हरवते, पण हा डोह भरलेलाच राहतो. खालच्या अंगाला उतार आहे, तिथून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. पण आखाजीला उतारावरून चालत आलेली लेक म्हणजे सगळ्या गावाची नाचक्की.

समोरच्या आंबेवाड्यात आमच्या गावच्या पुष्कळ लेकी दिलेल्या होत्या. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या गाठोडी घेऊन पलीकडच्या वडाखाली येऊन बसत. माहेरची नाव न्यायला आल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या नावेत पाय टाकत नसत. वडाची सावली बुंध्यापाशी गोळा होईपर्यंत त्यांनी वाट बघायची. तोवर माहेरची नाव आली, तर पुढचं वर्षभर घाटावर उतारू नेण्याआणण्याचा हक्क आमच्या नावाड्याचा. नाही आली, तर लेकी आंबेवाड्याच्या नावेत बसणार आणि घाटही आंबेवाड्याचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण भांडण कधी झालं नाही, कारण माहेरची नाव कधी चुकली नाही.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आदल्या साली मात्र आमच्याकडे नावच नव्हती. आमचा नावाडी सुकलाल भोई. त्याच्या बापानं केलेली सागाची नाव आधीच्या पावसाळ्याच्या पुरात खुंट्यासकट गेली. नव्या नावेला सागाच्या फळ्या हव्यात, फळ्यांना जंगल खात्याचं परमिट हवं, आणि परमिट येणार ते पुढचा पूर घेऊनच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, सुकलाल काठावर बसून मासे धरायच्या टोपल्या विणत राहिला. बोलायचा कमी झाला.

समोरचा नावाडी नवलसिंग मात्र जास्त बोलायला लागला. नवलसिंग म्हणजे माझा दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा, रुखमाबाईचा नवरा. माणूस वाईट नव्हता. पण तोंडाला कुलूप नव्हतं. आमच्या काठापाशी नाव आणून तो मुद्दाम ओरडायचा,

"सुकलालभो! आवंदा आखाजीले काय करशी? लेकी काय पोहत येतीन का?"

सुकलाल मान वर न करता म्हणायचा, "तू तुन्ही नाव सांभाळ. वाळवी लागेल शे तिले."

"वाळवी लागेल शे, पन नाव तं शे ना!"

सुकलाल पुन्हा टोपली विणायला लागायचा.

मी तेव्हा नंदुरबारला एका जिनमध्ये रेच्यावर कामाला होतो. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. रेचे सुरू झाले की सगळं जिन पांढरं होतं. रुई उडते आणि वाशांवर, जाळ्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. ही उडती रुई फार तोकडी, वर धुळीनं माखलेली. तिचं सूत होत नाही आणि गादीत भरली तर गोळे होतात. ठिणगी पडली तर जिन जाईल, म्हणून मालक ती रोज झाडून भिंतीबाहेर टाकायला लावायचा. भिंतीबाहेर तिचे ढीगच्या ढीग लागायचे.

भिंतीच्या पलीकडे कौसाबाई लखारीण राहायची. लाखेच्या बांगड्या करायची. तिचीही कथा अशीच. गावात लाखेची एक वखार होती. सातपुड्यातून पळसावरची, बोरीवरची लाख तिथे यायची. कुटून, धुऊन, चाळून चांगला माल बाहेरगावी जायचा आणि काड्या, मेलेले किडे, जळका गाळ मागच्या अंगणात फेकला जायचा. कौसाबाई तो गाळ उचलून आणायची. बांगडीचा आतला गाभा त्या गाळाचा आणि वर पातळ मुलामा चांगल्या रंगीत लाखेचा. हातात घातल्यावर गाभा कोण बघतो?

त्या वर्षी माघात एक दिवस वारा सुटला. आमच्या ढिगातली रुई उडाली ती थेट कौसाबाईच्या उकळत्या कढईत. मी नेमका भिंतीवर टोपली उपडी करत होतो.

"आग लागो तुम्हना जिनले!" ती खालून ओरडली. "आते हाई लाख कोन घाली? तुन्ही माय?"

मी म्हटलं, "मन्ही माय लाख घालत नही, मावशी. ती काचना बांगड्या घालस."

तिनं पळी उगारली. कढईतला सगळा रेंदा तिनं फरशीवर ओतून दिला आणि मला पुढच्या पिढीपर्यंत शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली. तो रेंदा फोडून पुन्हा वितळवावा म्हणून ती हातोडा मारत होती. नुसती लाख हातोड्याखाली काचेसारखी फुटते. ही वडी फुटत नव्हती. हातोडा टणकन उडत होता.

"पितांबर, हाई काय करी ठेवं तू?"

मी मारून पाहिला. कोपऱ्याचा टवका निघाला, पण पुरा सुटला नाही. आतल्या रुईच्या तंतूंनी त्याला धरून ठेवलं होतं. भिंतीत माती नुसती थापली तर ढासळते आणि भुसा घालून थापली तर टिकते, तसंच हे. फक्त इथे मातीच्या जागी लाख आणि भुशाच्या जागी आमचा कचरा.

कौसाबाई म्हणाली, "मी हिना पाट करसू. बसाले."

पण माझ्या डोक्यात पाट नव्हता. पुढच्या सुट्टीला ती वडी पिशवीत घालून मी डोहगावला आलो आणि सुकलालच्या मांडीवर ठेवली.

"काय शे हाई?"

"नाव."

त्यानं वडी उलटीसुलटी केली, हुंगली, आणि कित्येक महिन्यांनी हसला. "बांगडीनी नाव? सुकलाल बांगड्या भरी बसना, असं आंबेवाडाना लोके म्हनतीन!"

पण त्यानं वडी परत दिली नाही. दोरीला बांधून डोहात सोडली. मी पुन्हा गावी आलो तेव्हा ती बाहेर काढली होती. फुगली नव्हती, पाझरली नव्हती. सुकलालनं तिच्यावर धोंडा घालून पाहिला, मग दोन दगडांवर आडवी ठेवून स्वतः उभा राहिला. उतरला तो थेट बांबू तोडायला गेला. तेव्हाच मला कळलं, आता माघार नाही.

बांबूचा सांगाडा त्यानं विणला. मोठी लांबट टोपलीच ती. त्यावर जिनमधली फाटकी बारदानं ताणून शिवली. मी बैलगाडीतून कचऱ्याची रुई आणत होतो. मालकाला आनंदच झाला. म्हणाला, "सगळी ने, वर चहा पी." रेच्यातून निघणारं जळकं तेलही मी डब्यात भरून आणलं, कारण नुसत्या लाखेला थंड झाल्यावर तडे जातात, हे कौसाबाईला ठाऊक होतं. कौसाबाई तर सरळ कढई घेऊनच डोहगावला येऊन राहिली, सुकलालच्या आईकडे, तापीबाईकडे. दोघी म्हाताऱ्या दिवसभर भांडायच्या आणि एका ताटात जेवायच्या.

"हाई नाव शे का गोधडी?" तापीबाई विचारायची.

"गोधडीच शे," कौसाबाई म्हणायची. "तुन्हा पोऱ्याले पांघराले."

गरम लाख, रुई आणि तेल यांचा रांधा बारदानावर ओतायचा आणि थंड व्हायच्या आत दाबून बसवायचा. हातानं दाबवेना. मग परटाची कोळशाची इस्त्री आणली. बारदानावर ओला फडका टाकून सुकलाल नावेला इस्त्री करायचा आणि अर्धा गाव काठावर बसून बघायचा. परीट रोज येऊन विचारायचा, "भो, कॉलरले कडक करशी का नरम?"

पहिला थर झाला त्या दुपारी आम्ही नाव वाळूवर उपडी ठेवून जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर नाव लाटलेल्या पापडासारखी पसरलेली. चैत्राचं ऊन खालून वाळूनं आणि वरून सूर्यानं दिलं होतं. सुकलाल रडवेला होऊन तिच्या कडा वर ओढायला लागला. कौसाबाई मात्र पोट धरून हसायला लागली.

"अरे, लाख शे ती, सागवान नही! तिले ऊन दखाडू नको. आनि रडू बी नको. साग मोडना तं मोडना. लाख मोडनी तं परत तापाड, परत वळाव."

आणि खरंच, आम्ही ती पुन्हा तापवून वळवली, सांगाड्यात जास्तीचे बांबू घातले, अजून थर चढवले. तेव्हापासून नाव सावलीत, अंगावर ओली बारदानं घालून. आखाजी जवळ आली तशी ती पाण्यात उतरवली. नाव तरंगली. सुकलाल तिच्यात उतरला, मी उतरलो, परीट उतरला. एक थेंब आत आला नाही. काळीकुट्ट, चकचकीत, जिकडून बघावं तिकडून वेगळ्या आकाराची नाव. पण नाव होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं गाव काठावर आलं. नव्या बांगड्या विकायला कौसाबाईनं टोपली भरून आणली होती: लाल, हिरव्या, पिवळ्या, बारीक आरसे लावलेल्या. लेकी माहेरी आल्या की पहिल्यांदा बांगड्याच भरतात. समोर वडाखाली लुगड्यांचे रंग दिसायला लागले होते. एकीचा आवाज तर डोह ओलांडून आमच्यापर्यंत येत होता, आणि तो माझ्या बहिणीचा होता.

नवी नाव पहिल्यांदा माणसं आणायला निघाली की आमच्याकडे तापीमाईला गुळ-तुपाचा धूप देतात. नावेच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, गोवरीचे निखारे ठेवायचे आणि त्यावर गूळ-तूप सोडायचं. सागाच्या नावेला त्याचा काळा डाग पडतो. तो शुभ मानतात, कधी पुसत नाहीत. तापीबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं खापरीत निखारे आणले, डोळे मिटून पुटपुटली, आणि चिमट्यानं एकेक निखारा नावेच्या नाकाडावर ठेवला.

आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. इस्त्रीनं लाख वितळताना ज्यांनी महिनाभर बघितलं होतं, ते सगळे. परीटसुद्धा. कौसाबाईसुद्धा, जिचा सगळा जन्म निखाऱ्यावर लाख तापवण्यात गेला होता. देवाच्या कामात कुणी डोकं चालवत नाही.

तूप चुरचुरलं. धूर निघाला. कौसाबाईनं मिटलेल्या डोळ्यांनीच नाक वर केलं.

"कोन बांगड्या भाजी ऱ्हायनं?"

तिनं डोळे उघडले आणि किंकाळी फोडली. नाकाडावरचे निखारे एकापाठोपाठ एक आत उतरत होते, चिखलात म्हैस बसावी तसे. लाखेनं पेट घेतला. सुकलालनं डोहातलं पाणी ओंजळीनं मारलं, मी घागर ओतली, परटानं धोतराचा सोगा ओला करून थापला. आग विझली. नाकाडाला मोठ्या माठाच्या तोंडाएवढं भोक पडलं होतं, बांबूच्या काड्या दात विचकून बघत होत्या.

तापीबाई हातात चिमटा धरून तशीच उभी. "माय व, मी काय करं हाई?"

"तू काय करं नही," सुकलाल म्हणाला. पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

नवलसिंग समोरून सगळं बघत होता. धूर दिसल्यावर त्याला राहवलं नाही. "सुकलालभो! नाव लई थंडी शे का? शेकी ऱ्हायना का तिले?"

आंबेवाड्याची माणसं खिदळली. वडाची सावली आता बरीच आखडली होती.

सुकलाल कौसाबाईकडे वळला. "लाख शे का?"

"कढई रिकामी शे. सगळी तुन्हा नावले लागनी." बोलता बोलता तिची नजर स्वतःच्या टोपलीवर गेली. मग आमच्याकडे. मग पुन्हा टोपलीवर. "चूल पेटाड," ती म्हणाली.

"मावशी, आखाजीना बांगड्या..."

"लेकीच उन्या नहीत तं बांगड्या कोन भरी? तू भरशी? तुन्हा हात चांगला जाडजूड शेतस! पेटाड म्हनस ना मी!"

तिनं टोपली कढईत उपडी केली. बांगड्यांचा तो खळखळाट अजून माझ्या कानात आहे. लाल, हिरव्या, पिवळ्या एकमेकींत मिसळत वितळायला लागल्या. रुई हवी होती. जिनमधून आणलेली रुई संपली होती. तापीबाई पळत घरी गेली आणि स्वतःची उशी घेऊन आली. चिमट्यानंच तिनं ती फाडली.

"हाई घे. जुनी शे, गोळा व्हयेल शे. पन तिन्हावर डोकं मन्हंच ऱ्हायेल शे. त्यामाच अक्कल कमी पडनी."

त्या सकाळी पहिल्यांदा सुकलाल हसला. बारदानाचा तुकडा भोकावर ताणला, कडा इस्त्रीनं नरम केल्या, कौसाबाईनं रांधा ओतला. परटानं ओला फडका टाकून दाबलं. इस्त्री फिरली, पाणी ओतलं, पुन्हा इस्त्री, पुन्हा पाणी. फडका उचलला तर नाकाडावर रंगांचे पट्टे आणि त्यात बांगड्यांचे आरसे अडकलेले. सूर्य त्यात चमकला. बाया ओरडल्या, "नवरी दिसी ऱ्हायनी व!"

सुकलालनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "थंडी व्हई का?"

"पानीमा व्हई," कौसाबाई म्हणाली. "जाय!"

नाव ढकलली. मी पुढे बसलो, ओंजळीनं सारखं नाकाडावर पाणी मारत. सुकलाल वल्हं मारत होता, आणि त्याच्याकडे बघायची मला छाती होत नव्हती. डोहाच्या मधोमध नाकाड जरा करकरलं. मी आणखी जोरात पाणी मारलं. काही झालं नाही. वडाची सावली बुंध्यापासून थोडीशीच बाहेर उरली होती.

पलीकडे नवलसिंगनं आपली नाव काठाला लावून ठेवली होती. तो बायकोला समजावत होता.

"रुखमा, तू पहिले बस. तू बसनी म्हनजे बाकीन्या बी बसतीन. सावली गई दखा."

माझी बहीण गाठोड्यावर मांड ठोकून बसली होती. रुखमाबाई अंगानं भरभक्कम. तिला गाठोड्यावरून उठवायचं तर दोन माणसं लागावीत.

"सावलीनं बोट अजून बाहेर शे," ती म्हणाली. "तवर मन्हं माहेर गये नही."

तेवढ्यात आमचं नाकाड वाळूला लागलं. लेकी धावत आल्या, पण पाण्याच्या कडेला थबकल्या. रंगीत नाकाड, काळं अंग, खाली इस्त्री केलेलं बारदान. असली नाव कुणी पाहिली नव्हती.

"बसू का नको?" कुणीतरी म्हणालं.

नवलसिंग मागून ओरडला, "बसा, बसा! मधेच इरघळी गई तं मी शेच काढाले!"

सुकलाल वल्हं हातात घेऊन उभा राहिला. त्याला कुणाला गळ घालायची नव्हती. घाट राहतो की जातो, ते आता लेकींच्या पायांवर होतं.

रुखमाबाई उठली. गाठोडं माझ्या अंगावर फेकलं, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात शिरली.

"रुखमा!" नवलसिंग म्हणाला. "इतला वरीस मन्हा घरनं खाधं ना तू?"

"खाधं ना! म्हनीसन तं मी पहिले बसी ऱ्हायनी. मन्हा वजनले टिकनी तं बाकीन्या बेफिकीर बसतीन."

तिनं पाय टाकला. नाव एका अंगाला कलली, बांबू कण्हले, सुकलालनं वल्हं रोवलं. मग नाव सरळ झाली. रुखमाबाई मधोमध बसली, खाली हात फिरवून पाहिला आणि कोरडी बोटं सगळ्यांना दाखवली.

"कोरडी शे! चला व!"

मग काय विचारता. एकमेकींना ढकलत लेकी चढल्या. सुकलाल "हळू, हळू" म्हणत राहिला, कुणी ऐकत नव्हतं. त्यानं एकच ताकीद दिली: नावेला ऊन लागू द्यायचं नाही, सगळ्यांनी पाणी मारत राहायचं. ते काम त्यांनी फारच मनावर घेतलं. नावेवर कमी आणि एकमेकींवर जास्त पाणी पडलं. डोहाच्या मधोमध गाणी सुरू झाली, कुणाचं बाळ रडत होतं, कुणी माझ्या डोक्यावर ओंजळ ओतली. रुखमाबाई मागच्या काठाकडे तोंड करून नवऱ्याला ओरडून सांगत होती की दुरडीतली भाकर शिळी आहे, खाऊ नको, आणि गाईला पाणी दाखव.

आमच्या काठावर पोहोचलो तेव्हा सगळ्या लेकी चिंब भिजल्या होत्या. सुकलालनं दोरी खुंट्याला बांधली आणि वाकून नाकाडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तापीबाईनं यावेळी नुसतं हळदकुंकू लावलं, तेही लांबून, हात लांब करून.

कौसाबाई रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. लेकींनी तिला गराडा घातला. "बांगड्या कथा शेतस, मावशी?"

"तुम्ही बांगड्यास्मा बसीसनच उन्या ना! आजून काय जोयजे?"

दुपार टळल्यावर नवलसिंगची नाव एकटीच आमच्या काठाला लागली. उपाशी माणूस, शिळी भाकर खाल्ली नव्हती. आधी तो लांबूनच आमच्या नावेभोवती फिरला. मग जवळ येऊन नखानं खरवडलं, कान लावून टकटक केलं, नाकाड हुंगलं. सुकलाल काठावरच्या आपल्या घराच्या ओट्यावरून बघत होता.

शेवटी नवलसिंग ओट्याच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "पितांबर, तुन्हा जिनमा ती रुई अजून पडेल शे का?"

"ढीग पडेल शेतस, दाजी. काय करतस?"

"काही नही. मन्ही नाव... जराशी वाळवी शे तिले."

सुकलालच्या घरातून रुखमाबाई ओरडली, "जराशी नही, लई शे!"

सुकलाल ओट्यावरून उतरला. मला वाटलं, आता तो महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर काढणार. त्यानं आतून ताट मागवून नवलसिंगच्या हातात दिलं. ताटात आमरस होता आणि वर सांजोरी.

"पहिले जेव," तो म्हणाला. "मंग इस्त्री करूत."